डोह राखला तर मासा राहील
वाशीम जिल्ह्यातील नद्या, गळाची मासेमारी आणि आपली जबाबदारी

मृग नक्षत्राचा पहिला जोरदार पाऊस पडून गेला की वाशीम जिल्ह्यातील ओढ्यानाल्यांवर एक दृश्य हमखास पाहावयास मिळते. महिनोन्‌महिने कोरड्या पडलेल्या नाल्यातून गढूळ पाणी धावू लागते आणि त्या पाण्याच्या उलट दिशेने, मुख्य नदीतून वर, मासे चढू लागतात. बातमी वाऱ्यासारखी गावात पसरते. तरुण मंडळी काठ्या, टोपल्या, फाटक्या मच्छरदाण्या घेऊन पाण्यात उतरतात. अर्ध्या तासात पिशव्या भरतात. घरी नेऊन मासा चिरला की पोट अंड्यांनी गच्च भरलेले निघते. घरातली वडीलधारी माणसे खूश होतात, कारण गाभोळीचा मासा चविष्ट लागतो.

आम्हीही हे दृश्य अनेकदा पाहिले आहे. खरे सांगायचे तर त्या आनंदात सहभागीही झालो आहोत. परंतु गेल्या काही वर्षांत त्याच पुलावर उभे राहिले असता एक प्रश्न मनाला टोचत राहतो. पूर्वी या पाण्यात जे मासे मिळत, त्यांतले कितीतरी आता दिसतच नाहीत. ते गेले कुठे? आणि त्यांच्या जाण्यात आमच्या पिशवीचा वाटा किती? या प्रश्नाचा शांतपणे विचार करण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

दोन खोऱ्यांच्या माथ्यावरचा जिल्हा

१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशीम जिल्हा अस्तित्वात आला. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा आणि कारंजा हे त्याचे सहा तालुके. नकाशात पाहिले तर हा जिल्हा पाण्याच्या दृष्टीने मोठा विलक्षण आहे. तो दोन नदीखोऱ्यांच्या माथ्यावर वसला आहे. येथील डोंगराळ भागात उगम पावणारी काटेपूर्णा उत्तरेकडे वाहत जाऊन पूर्णेला मिळते आणि तिचे पाणी तापीमार्गे अरबी समुद्रास जाते. याउलट पूस, अरुणावती आणि अडाण या नद्यांचे पाणी पैनगंगेत जाते. तेथून ते वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी असा प्रवास करीत बंगालच्या उपसागरात पोहोचते. म्हणजे एकाच जिल्ह्यात पडलेल्या पावसाचे दोन थेंब देशाच्या दोन टोकांना जातात.

माथ्यावरचा प्रदेश असल्यामुळे येथील नद्या लहान आहेत. पावसाळ्यात त्या दुथडी भरून वाहतात आणि हिवाळा सरता सरता त्यांची धार तुटते. उन्हाळ्यात नदी म्हणजे वाळू, गोटे आणि मधूनमधून साचलेले डोह. विदर्भाच्या कडक उन्हात नदीतील सारे जीवन या डोहांच्या आश्रयाला येते. जो मासा मे महिना डोहात काढू शकतो, तोच जूनमध्ये अंडी घालण्यासाठी वर चढतो. डोह हे नदीचे बियाण्याचे कोठारच म्हणावे लागेल. शेतकरी कितीही अडचणीत असला तरी बियाण्याला हात लावत नाही. नदीच्या बाबतीत मात्र आपण नेमके बियाणेच खात आलो आहोत.

नावे आपलीच, मासेही आपलेच

गोड्या पाण्यातील मासा म्हटला की आज बाजारात रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस हीच नावे ऐकू येतात. हे मासे चांगले आहेत, पण ते प्रामुख्याने मत्स्यबीज केंद्रात तयार करून तलावात सोडलेले असतात. आपल्या नद्यांचे स्वतःचे मासे वेगळे आहेत. मरळ, वाम, शिंगाडा, शिवडा, कोळशी आणि कितीतरी लहान चंदेरी मासे येथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आले आहेत. त्यांची नावे दर दहा कोसांवर बदलतात. नाव बदलते, कारण त्या त्या गावाने तो मासा स्वतः ओळखलेला असतो.

याचा एक सुंदर पुरावा विज्ञानाच्या इतिहासात आहे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश सैन्यातील अधिकारी विल्यम हेन्री सायक्स यांनी दख्खनमधील माशांचा अभ्यास करून १८३९ साली त्यांची वर्णने प्रसिद्ध केली. माशांना शास्त्रीय नावे देताना त्यांनी येथील कोळी-भोयांच्या तोंडची नावेच उचलली. म्हणूनच आजही जगभरातील शास्त्रज्ञ आपल्या माशांना ‘खुद्री’, ‘कोलस’, ‘मुसुल्ला’, ‘नुक्ता’, ‘सांडखोल’ अशा नावांनी ओळखतात. मराठी मच्छीमाराची बोली अशा रीतीने विज्ञानात कायमची कोरली गेली. मात्र ज्यांच्यामुळे ही नावे टिकली, ते मासे आपल्या डोळ्यांदेखत विरळ होत आहेत, ही खेदाची गोष्ट आहे. एके काळी बाजारात सर्रास मिळणारा शिवडा आता निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ‘असुरक्षित’ प्रजातींच्या वर्गात घातला आहे.

सुदैवाने आपल्या जिल्ह्यातच या विषयाचा सखोल अभ्यास झालेला आहे. कारंजा येथील मत्स्य अभ्यासक डॉ. नीलेश हेडा यांनी अडाण नदी आणि गडचिरोली जिल्ह्यातील कठाणी नदी यांच्या मत्स्यवैविध्याचा अभ्यास केला. २००९ साली त्यांचा त्यासंबंधीचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी मध्य भारतातील गोड्या पाण्याच्या माशांची ओळख करून देणारे त्यांचे मार्गदर्शक पुस्तक ‘विज्ञान प्रसार’ने प्रकाशित केले. एका तालुक्याच्या गावातून, एका लहानशा नदीच्या काठावरून असे काम उभे राहते ही जिल्ह्यासाठी अभिमानाची बाब आहे. आपल्या मुलांना अडाण नदीतला मासा ओळखता येत नसेल, तर तो दोष साधनांच्या अभावाचा नाही.

मासे कमी का झाले?

कारणे अनेक आहेत आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत.

पहिले कारण म्हणजे पाणीच उरत नाही. डोहांना मोटारी लावून उन्हाळ्यात उपसा होतो. वाळूच्या बेसुमार उपशाने डोहांचे तळ उघडे पडतात. वाळू आणि गोटे हीच अनेक माशांची अंडी घालण्याची जागा असते.

दुसरे कारण बांध आणि धरणे. शेतीला आणि पिण्यासाठी पाणी हवे, त्यामुळे धरणे आवश्यक आहेत हे खरेच. पण माशाच्या दृष्टीने धरण म्हणजे बंद दरवाजा. अहीर हा सापासारखा लांब मासा समुद्रात जन्मतो आणि वाढीसाठी नदीत येतो. त्याच्या वाटेवर एकामागून एक भिंती उभ्या राहिल्या, तर तो वरच्या खोऱ्यापर्यंत पोहोचणार कसा?

तिसरे कारण शेतातून वाहून येणारी विषारी औषधे. कापूस आणि सोयाबीनवर फवारलेल्या कीटकनाशकांचा अंश पहिल्या पावसाबरोबर नाल्यात उतरतो. नेमक्या त्याच वेळी मासे अंडी घालण्यासाठी त्या नाल्यात येत असतात.

चौथे कारण सर्वांत लज्जास्पद आहे. ते म्हणजे विनाशकारी मासेमारी. पाण्यात सुरुंगाची दारू उडवणे, ब्लीचिंग पावडर किंवा कीटकनाशक टाकणे, बॅटरीच्या साहाय्याने विजेचा झटका देणे असे प्रकार ठिकठिकाणी घडतात. पूर्वी हिंगणबेटासारख्या वनस्पती वापरून मासे गुंगवण्याची पद्धत होती. तीही घातकच, पण तिचा परिणाम मर्यादित असे. कीटकनाशकाची एक बाटली मात्र अख्ख्या डोहाचा नाश करते. त्यात पिल्ले, बेडूक, खेकडे, शिंपले, पाणकिडे सारे मरतात आणि तेच पाणी खाली गुरे पितात. स्फोटके आणि विष वापरून मासे मारणे १८९७ सालच्या भारतीय मत्स्य कायद्यानेच गुन्हा ठरवले होते. राज्याचा १९६० सालचा मत्स्यव्यवसाय अधिनियमही आहे. कायदा जुना आहे, फक्त त्याची आठवण नवी करून देण्याची गरज आहे.

चढणीच्या माशाचे मोल

पावसाळ्याच्या सुरुवातीस वर चढणाऱ्या माशांना चढणीचे मासे म्हणतात. कोकणात आणि वसईकडे हीच गोष्ट ‘वलगण’ म्हणून ओळखली जाते. वसईच्या आमच्या वाचक बंधुभगिनींना तो शब्द ऐकताच बालपण आठवेल.

हा मासा वर का चढतो? नव्या पाण्याने भिजलेली उथळ जागा, गवताळ काठ आणि नुकतेच भरलेले नाले येथे अंडी सुरक्षित राहतात आणि पिल्लांना भरपूर खाद्य मिळते. एक किलो वजनाची रोहूची मादी साधारणपणे दोन लाखांच्या आसपास अंडी देऊ शकते. त्यांतील बहुतेक अंडी व पिल्ले वाढण्यापूर्वीच नष्ट होतात. निसर्गाने हा हिशेब धरूनच इतकी अंडी दिली आहेत. परंतु मादीच अंडी घालण्यापूर्वी टोपलीत गेली तर निसर्गाचा सारा हिशेब कोलमडतो. जूनमधला एक मासा सोडणे म्हणजे पुढच्या वर्षीचे कितीतरी मासे राखणे होय.

समुद्रात पावसाळ्यामध्ये यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते आणि किनाऱ्यावरील आपले कोळी बांधव ती पाळतात. त्या काळात चूल कशी पेटवायची हा त्यांच्यापुढे खरा प्रश्न असतो, तरी ते पाळतात, कारण त्यामागचा अर्थ त्यांना ठाऊक आहे. नदीकाठी राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांची चूल माशावर अवलंबून नाही. मग पावसाळ्याचे पहिले काही आठवडे चढणीच्या माशाला हात न लावण्याचा संयम आपल्याला का जमू नये?

मरळीचे कुटुंब

मरळीविषयी स्वतंत्रपणे सांगितले पाहिजे, कारण गळ टाकणाऱ्यांचा हा आवडता मासा आहे. मरळ हवेतूनही श्वास घेऊ शकते, म्हणून ती कमी प्राणवायूच्या पाण्यात, चिखलातही तग धरते. तिचे मांस काट्याविना आणि चवदार असते. आजारी माणसाला, बाळंतिणीला मरळ द्यावी असे घरोघरी सांगितले जाते.

परंतु मरळीचा खरा गुण निराळाच आहे. बहुतेक मासे अंडी घालून निघून जातात. मरळ तसे करीत नाही. उथळ पाण्यातील वनस्पतींमध्ये ती घरटे करते, अंडी राखते आणि पिल्ले बाहेर आल्यावरही त्यांच्यावर पहारा ठेवते. तांबूस-नारिंगी रंगाच्या शेकडो पिल्लांचा झुबका पाण्याच्या पृष्ठभागावर थरथरताना दिसतो आणि त्याच्या खाली पालक मासा सावध उभा असतो. पिल्लांजवळ येणाऱ्या कशावरही तो झडप घालतो. हे ठाऊक असलेले काही जण त्या झुबक्यातच गळ फिरवतात. मासा भूक लागली म्हणून गळाला लागत नाही, पिल्लांना वाचवण्यासाठी लागतो. त्याला बाहेर काढले की काही वेळातच दुसरे मासे पिल्लांचा फडशा पाडतात. एका माशाच्या कालवणासाठी शेकडो माशांचे घर उद्ध्वस्त होते.

पिल्लांचा झुबका दिसला की गळ गुंडाळून पुढे जावे. आमच्या मते गळ टाकणाऱ्याच्या सभ्यतेची ही पहिली परीक्षा आहे.

गळ टाकावा, पण कसा?

मासे पकडण्याच्या सर्व साधनांत गळ हे सर्वांत सौम्य साधन आहे. जाळे सरसकट ओढते. गळाला एका वेळी एकच मासा लागतो आणि तो ठेवायचा की सोडायचा हे ठरवण्याची संधी आपल्याला मिळते. एवढेच नव्हे तर तासन्‌तास काठावर बसणारा माणूस नदीचा चांगला पहारेकरीही होऊ शकतो. पाण्याला वास येतो आहे, मेलेले मासे तरंगत आहेत, कोणी रात्री बॅटरी घेऊन उतरले आहे, हे सर्वप्रथम त्यालाच कळते. त्यामुळे गळाचा छंद सोडावा असे आम्ही मुळीच म्हणत नाही. तो जबाबदारीने करावा एवढेच आमचे म्हणणे आहे. त्यासाठी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. परवानगी आधी घ्यावी. तलाव व धरणे बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांना मासेमारीसाठी ठेक्याने दिलेली असतात. संस्थेचे सभासद पैसे भरून मत्स्यबीज सोडतात. तेथे न विचारता गळ टाकणे म्हणजे कोणाच्या तरी शेतातील कणसे तोडणे होय. काटेपूर्णा अभयारण्यासारख्या संरक्षित क्षेत्रात तर वनविभागाच्या परवानगीशिवाय मासेमारी करूच नये.

२. गरी योग्य निवडावी. गरीच्या टोकाशी मागे वळलेला जो बारीक काटा असतो, तो पकडीने चेपून टाकावा. मासा थोडा अधिक निसटेल, पण सोडताना त्याचा जबडा फाटणार नाही. गरी फार खोल गिळली असेल तर ती ओढून काढू नये, दोरा तोंडाजवळ कापून मासा सोडून द्यावा.

३. हात ओले करूनच मासा धरावा. माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो. तो त्याचे रोगांपासून रक्षण करतो. कोरड्या हाताने किंवा फडक्याने धरले, तापलेल्या खडकावर ठेवले, तर तो थर निघून जातो. सोडलेला मासा पोहत जाताना दिसतो, पण काही दिवसांनी बुरशी लागून मरतो. कल्ल्यांत बोटे घालू नयेत आणि शेपटीला धरून लोंबकळत ठेवू नये.

४. पाण्याबाहेर वेळ घालवू नये. मासा पाण्याबाहेर असणे म्हणजे आपण पाण्याखाली असण्यासारखेच. हल्ली प्रत्येकाच्या हाती छायाचित्र काढणारा मोबाइल आहे आणि त्या हौसेपायी मासा मिनिटभर हवेत धरला जातो. छायाचित्र काढायचेच तर सारे तयार ठेवून काही सेकंदांत काढावे. सोडताना माशाचे तोंड प्रवाहाकडे करून त्याला अलगद आधार द्यावा आणि तो स्वतःहून निघेपर्यंत थांबावे.

५. कडक उन्हाळ्यात डोहांना विश्रांती द्यावी. पाणी जितके गरम, तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी. समुद्रसपाटीवर २० अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांना तो साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास येतो. आटलेल्या, तापलेल्या, गर्दी झालेल्या डोहात झुंज देऊन थकलेला मासा सोडला तरी जगण्याची शक्यता कमी असते. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत ‘धरून सोडण्या’च्या नावाखालीही डोहात गळ टाकू नये.

६. लहान सोडावा, फार मोठाही सोडावा. लहान मासा एकदाही प्रजनन न करता जाऊ नये, हे सर्वांना पटते. पण फार मोठी मादी सोडावी हे ऐकून अनेकांना नवल वाटते. मोठी मादी लहानीच्या कितीतरी पट अंडी घालते. मधल्या आकाराचा, घरच्या गरजेपुरता मासा ठेवणे हाच उत्तम मार्ग.

७. दोरा आणि कचरा परत आणावा. तुटलेला नायलॉनचा दोरा वर्षानुवर्षे कुजत नाही. त्यात खंड्या, पाणकावळा, कासव अडकून तडफडून मरतात.

सोडताना विचार हवा

काही मंडळी चांगल्या हेतूने नदीत मासे सोडतात. घरच्या काचपेटीतील मासा मोठा झाला म्हणून तलावात सोडून देतात. येथे सावधपणा आवश्यक आहे.

तिलापिया हा आफ्रिकेतील मासा १९५२ साली भारतात आणला गेला. आज तो देशभरातील तलावांत पसरला आहे आणि स्थानिक माशांचे खाद्य व जागा बळकावतो आहे. आफ्रिकन मागूर हा तर अत्यंत खादाड मासा. त्याच्या पैदाशीवर केंद्र सरकारने २००० साली बंदी घातली, तरीही तो चोरून वाढवला जातो आणि पुराबरोबर नदीत शिरतो.

आपल्या स्वतःच्या माशाची गोष्ट तर अधिक बोधप्रद आहे. सायक्स यांनी ‘खुद्री’ नाव दिलेला महसीर हा दख्खनचा राजबिंडा मासा. लोणावळ्याजवळील वळवण येथे टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून त्याची कृत्रिम पैदास होऊ लागली आणि हे काम जगभर वाखाणले गेले. पुढे हा मासा मूळच्या क्षेत्राबाहेर, दक्षिणेतील कावेरी नदीतही सोडला गेला. तेथे तो फोफावला. पण कावेरीचा स्वतःचा पाठीवर उंचवटा असलेला महसीर मात्र घटत गेला. २०१८ साली त्याची नोंद ‘अत्यंत धोक्यात’ या वर्गात झाली आणि बाहेरून आलेला महसीर हे त्यामागील एक प्रमुख कारण मानले जाते. एका नदीचे भूषण दुसऱ्या नदीवर संकट ठरू शकते. म्हणून जाणकारांना विचारल्याशिवाय कोणताही मासा कोणत्याही नदीत सोडू नये.

लोकांनी राखलेले पाणी

हे सारे वाचून मन खिन्न होऊ नये, कारण आशेची उदाहरणे आपल्या महाराष्ट्रातच आहेत.

रायगड जिल्ह्यात महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड नावाचा डोह आहे. तेथील गावकरी डोहातील महसीर देवीचे मानतात आणि त्यांना धरत नाहीत. पालघर जिल्ह्यात वाडा तालुक्यातील तिळसे येथे वैतरणा नदीवरही मंदिरालगतचे मासे असेच राखले गेले आहेत. कोणताही पहारा नसताना, केवळ लोकांच्या श्रद्धेने आणि एकमताने हे डोह टिकले. इतर धर्मीय बांधवांची ही परंपरा आपण आदराने पाहावी आणि तिच्यापासून शिकावे.

दुसरे उदाहरण आपल्या विदर्भातील आहे. गोंदिया-भंडारा हा जुन्या मालगुजारी तलावांचा प्रदेश. तेथे बेशरमच्या झुडपांनी तलाव व्यापले होते आणि स्थानिक मासे नाहीसे होत चालले होते. मनीष राजनकर यांचे भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ आणि तेथील ढिवर मच्छीमार यांनी मिळून काम सुरू केले. बेशरम उपटली, तळ नांगरून स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या, अंडी घालण्याच्या जागा राखल्या. वनस्पती परतल्या, पाठोपाठ स्थानिक मासे परतले, पक्षी आले. कोणत्या माशाला कोणती वनस्पती लागते हे ज्ञान ढिवर समाजाकडे आधीपासूनच होते. त्यांना कोणी विचारले नव्हते इतकेच.

आपल्या जिल्ह्यात भोई समाजाकडे असेच ज्ञान आहे. कोणता डोह किती खोल, कोणता मासा कोणत्या नक्षत्रात चढतो, हे त्यांना तोंडपाठ असते. नदी मेली की छंद म्हणून गळ टाकणारा माणूस दुसरा छंद शोधतो. भोई कुटुंबाला मात्र बिऱ्हाड उचलून शहराची वाट धरावी लागते. माशाचे रक्षण हा गरिबाच्या भाकरीचाही प्रश्न आहे तो असा.

आपण काय करू शकतो?

आपल्या धर्मग्रामांत लोकसंख्या थोडी आहे, हे आम्ही जाणतो. तरीही काही गोष्टी सहज करता येण्याजोग्या आहेत.

उपवासकाळातील शुक्रवारी आपण मांस वर्ज्य करतो आणि अनेक घरी मासा शिजतो. हा काळ फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान येतो. नेमक्या याच दिवसांत नद्या आटत असतात आणि मासे डोहांत कोंडलेले असतात. म्हणजे आपल्या त्यागाच्या दिवसाचा भार नकळत नदीच्या सर्वांत दुबळ्या दिवसांवर पडतो. त्या शुक्रवारी तलावात वाढवलेला रोहू-कटला घ्यावा किंवा साधी डाळ-भाकरी खावी. नदीच्या डोहातला मासा त्या काळात नाकारणे हाही एक खरा उपवास ठरेल.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकातून सृष्टीच्या जपणुकीचे आवाहन केले आणि त्याच वर्षी १ सप्टेंबर हा सृष्टीसाठी प्रार्थनेचा दिवस म्हणून जाहीर केला. सप्टेंबरमध्ये आपल्या नद्या भरलेल्या असतात. त्या दिवशी धर्मग्रामातील मुलांना नदीवर न्यावे. भोई समाजातील एखाद्या जाणत्या आजोबांना किंवा आजींना सन्मानाने बोलावून माशांची नावे सांगायला सांगावी आणि मुलांनी ती वहीत लिहून घ्यावी. एका गावची अशी वही म्हणजे पुढच्या पिढीसाठी मौल्यवान दस्तऐवज होईल.

गावातील सर्व समाजांनी मिळून ग्रामसभेत एखादा डोह राखीव ठेवण्याचा ठराव मांडावा. त्यात मोटार लावायची नाही, विष टाकायचे नाही, उन्हाळ्यात जाळे किंवा गळ टाकायचा नाही, एवढीच अट असावी. आणि कोणी विष किंवा बॅटरी वापरताना दिसल्यास गप्प न बसता मत्स्यव्यवसाय विभागाला किंवा पोलिसांना कळवावे. पहिल्यांदा कळवणे जड जाते, कारण तो माणूस बहुधा आपल्याच ओळखीचा असतो. म्हणून आधी त्याच्याशी बोलावे आणि बोलूनही न ऐकल्यास कळवावे.

लेखाच्या आरंभी आम्ही ज्या पुलाचा उल्लेख केला, तेथे पुढच्या मृगात पुन्हा पाणी येईल. मासे पुन्हा वर चढतील, निदान जे उरले आहेत ते. त्या दिवशी आपल्यापैकी काही जणांनी तरी काठ्या घरी ठेवून रिकाम्या हाताने पुलावर यावे, सोबत मुलांना आणावे आणि मासा धारेविरुद्ध कसा झेप घेतो ते त्यांना दाखवावे. गाभोळीची चव एका जेवणापुरती असते. मुलांनी पाहिलेला तो मासा मात्र त्यांच्या आठवणीत राहील आणि नदीतही राहील.